कुलाब्याला नाही हो, कुलाबिनला!

मोठ्या शहरात माणसं ढिगाने आणि किस्से मोजके, कारण तिथे कोणाला कोणाकडे बघायला वेळच नसतो. लहान गावात बरोबर उलटं. माणसं मोजकी, करमणूक त्याहून मोजकी, त्यामुळे एकेकाच्या वाट्याला भरपूर किस्से येतात. आम्ही अधूनमधून मेलबर्नच्या टार्निट उपनगरात मित्रांकडे येतो, तेव्हा पहिला चहा संपायच्या आत कोणीतरी म्हणतंच, "हं, सांग रे, तुझ्या त्या गावचं काय नवीन?" जणू मी ऑस्ट्रेलियात नाही, मंगळावर पोस्टिंगला आहे!

तर ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी आधी थोडा भूगोल. माझी बायको मृणाल डॉक्टर आहे. बाहेरच्या देशातून आलेल्या डॉक्टरने काही वर्षं अशा ठिकाणी काढायची असतात, जिथे इथले डॉक्टर जायला तयार नसतात. यालाच 'संधी' म्हणतात. एजंट म्हणाला, "मेलबर्नपासून फक्त चार तास. आणि एव्हरीथिंग इज सो क्लोज!" हे मात्र खरं निघालं. सगळं जवळच आहे, कारण सगळं म्हणजे एक रस्ता, एक पब, एक दुकान, छोटंसं हॉस्पिटल, दोन खोल्यांची शाळा आणि धान्याचे दोन उंच सायलो. गावाचं नाव कुलाबिन. नकाशावर ते नाव गावापेक्षा जास्त जागा खातं.

माझं काम आयटीचं, ते घरूनच चालतं. गावाने मला नाव विचारलं नाही. पहिल्या दिवशी मी 'डॉक्टरांचा नवरा' झालो आणि दुसऱ्या दिवशी वेळ वाचवायला 'मिस्टर डॉक'.

आईला डोंबिवलीला फोन करून गावाचं नाव सांगितलं. लाइन खराब होती की आईची इच्छा चांगली होती, देव जाणे. संध्याकाळपर्यंत सगळ्या बिल्डिंगला कळलं, "आमचा मंदार आता कुलाब्याला असतो!"

आठवड्याने मामेभावाचा फोन. आवाजात मध आणि मिरची एकदमच. "काय रे, परत आलास म्हणे! कुलाब्यात? भाड्याने की स्वतःचं?"

मी झोपेत होतो. म्हटलं, "स्वतःचं रे. चार बेडरूम, मागे अर्धा एकर."

तो त्यानंतर माझ्याशी बोललेला नाही.

*

आमच्या शेजारी केव्ह राहतो. शेजारी म्हणजे मध्ये त्याचं गव्हाचं शेत आहे, हात केला तर दिसत नाही, पण हॉर्न दिला तर ऐकू येतो. मेंढ्या, गहू आणि मतं, असं त्याचं तिहेरी पीक. पहिल्या आठवड्यात मी त्याला हॉस्पिटलचा रस्ता विचारला.

"सोपं आहे, मेट. सरळ जा. बेकरी होती तिथे डावीकडे वळ. मग जुना पूल होता तिथून उजवीकडे. बँक होती त्याच्या समोरच."

मी गाडी घेऊन दोन चकरा मारल्या. बेकरी नाही, जुना पूल नाही, बँक तर नाहीच. परत आलो.

"केव्ह, बेकरी होती तिथे आता काय आहे?"

"काही नाही."

"मग ओळखायचं कसं?"

केव्हने माझ्याकडे कीव आल्यासारखं पाहिलं. "तिथे काही नाहीये ना, त्यावरूनच!"

नंतर लक्षात आलं की अख्ख्या गावाचा भूगोल भूतकाळात आहे. इथे पत्ता सांगायला जागा लागत नाही, आठवण लागते. गंमत म्हणजे परवा एका ट्रकवाल्याने मला सिनेमा थिएटर होतं ती जागा विचारली आणि मी हात दाखवून ती बरोबर सांगितली. थिएटर मी जन्मात पाहिलेलं नाही.

*

टार्निटचा संदीप, माझा कॉलेजचा मित्र, नवीकोरी इलेक्ट्रिक गाडी घेऊन आम्हाला भेटायला आला. येण्याआधी फोनवर मलाच भूगोल शिकवत होता. "चार तास म्हणजे काय रे! आपण नाही का वीकेंडला पुण्याहून कोल्हापूरला जायचो!"

मी म्हटलं, "वाटेत चार्ज करून घे." तो म्हणाला, "डोन्ट वरी, रेंज भरपूर आहे."

रेंज खरंच भरपूर होती. गाडी गावातल्या दुकानासमोर अगदी अलगद, अजिबात आवाज न करता थांबली. ती थांबली ती थांबलीच.

दुकान शेरिलचं. किराणा, पोस्ट, पेट्रोल आणि बातम्या, सगळं एकाच काउंटरवर. संदीपने गॉगल डोक्यावर चढवून ऐटीत विचारलं, "एक्स्क्यूज मी, इथून सगळ्यात चांगला फास्ट चार्जर कुठला?"

शेरिलने थोडा विचार केला. "टार्निटला चांगला आहे म्हणतात."

मग केव्हने ती ओढत आपल्या लोकर कातरायच्या शेडपाशी नेली आणि आतून एक लांबलचक वायर आणून जोडली. शनिवारी दोन दिवसांसाठी आलेला संदीप मंगळवारी गेला. तेवढ्या दिवसांत त्याला मेंढ्या हाकता यायला लागल्या. त्याची बायको म्हणते, आता तो घरीही तशाच शिट्ट्या मारतो.

*

गावात एकच टेकडी आहे. तिला माउंट म्हणतात. सह्याद्रीत हिला दगड म्हणाले असते, पण इथे हिच्यावर पाट्या आहेत. वर दफनभूमी आहे, आणि मोबाइलची रेंजही फक्त तिथेच फुल मिळते. म्हणजे संपर्कात राहायचं असेल तर गेलेल्यांच्या शेजारी बसावं लागतं.

एकदा वादळात घरचं इंटरनेट गेलं. माझा कॉल महत्त्वाचा. मी लॅपटॉप घेऊन टेकडीवर गेलो आणि एका सावलीच्या बाकावर बसलो. मॅनेजर म्हणाला, "नाइस बॅकग्राउंड! कुठे डाउनलोड केलंस?"

मी प्रेझेंटेशन सुरू करणार, तेवढ्यात गाड्या आल्या. काळे कोट, फुलं, पेटी. गावातल्या एका वयस्कर गृहस्थांचा अंत्यविधी होता. माझा बाक नेमका पुढच्या रांगेचा निघाला! उठून पळावं तर वाईट दिसतं. केव्ह सुटाबुटात माझ्या शेजारी येऊन बसला, माझा खांदा दाबला आणि हळूच म्हणाला, "आलास, बरं केलंस, मेट." त्याचे डोळे ओले होते. गेलेले गृहस्थ त्याचे शाळेपासूनचे दोस्त होते. मी लॅपटॉप मांडीवर मिटला आणि मान खाली घातली.

लॅपटॉप मिटला, पण कॉल मोबाइलवरही चालू होता. तो खिशात होता, आणि म्यूट नव्हता.

पाद्रीबाबा गंभीर आवाजात म्हणाले, "तो आपल्याला अचानक सोडून गेला. त्याची जागा कोणीही भरून काढू शकणार नाही."

माझ्या खिशातून मॅनेजरचा घाबरलेला आवाज आला, "हू रिझाइन्ड?"

मला वाटलं, गाव आता मला वाळीत टाकणार. मग पहिला हसला तो केव्ह. डोळे पुसत पुसत म्हणाला, "सांग त्याला, आमचा बेस्ट माणूस!"

*

मेलबर्नमधल्या एका उत्साही बाईंनी सुचवलं की कुलाबिनमध्येही मराठी मंडळ हवं. गावातली मराठी लोकसंख्या तीन. मी, मृणाल आणि दुसरीतली ईशा. म्हटलं, हरकत नाही. मृणाल अध्यक्ष, मी चिटणीस, ईशा सभासद.

पहिल्या सभेचा विषय होता, दिवाळीत काय करायचं. मृणाल म्हणाली किल्ला, मी म्हटलं फराळ आणि गाणी. ईशाला मत विचारलं तर म्हणाली, "धिस मीटिंग इज सो बोरिंग. आय रिझाइन."

म्हणजे स्थापनेच्या दिवशीच मंडळाचा एक तृतीयांश भाग फुटला! परंपरा राखली म्हणायची.

दुसऱ्या दिवशी तिने स्वतःचं मंडळ काढलं. त्यात केव्हचे दोन कुत्रे आणि एक अनाथ कोकरू आहे. तिच्याकडे आमच्यापेक्षा सभासद जास्त आहेत आणि तिथे भांडणं होत नाहीत. आम्ही दोघांनी प्रवेशासाठी विचारणा केली आहे. अजून उत्तर नाही.

*

गावाला नदी आहे. म्हणजे नदीचं नाव आहे, नदीवर पूल आहे, पुलावर 'येथून उडी मारू नये' अशी पाटी आहे, आणि नदीकाठी मासेमारीचे नियम लिहिले आहेत. पाणी तेवढं नव्हतं. कित्येक वर्षं नव्हतं. तरीही केव्हच्या अंगणात ट्रेलरवर एक पत्र्याची बोट उभी असायची. त्यावरून पबमध्ये त्याची रोज टिंगल व्हायची. "काय कॅप्टन, भरती कधी?"

आई आमच्याकडे आली. चार दिवस गाव पाहून म्हणाली, "नवीन गावात संसार मांडलात, नदीची ओटी भरलीत का?" आम्ही एकमेकांकडे पाहिलं. मृणालने टार्निटहून नारळ मागवला. आई काठापदराची साडी नेसली, ताटात खण, तांदूळ, हळदकुंकू घेतलं, आणि आम्ही निघालो. उतार उतरलो, वाळूतून चालायला लागलो. वाटेत एक टायर आणि एक मोडकी सुपरमार्केटची ट्रॉली लागली.

आई दमली. थांबून म्हणाली, "अरे, अजून किती लांब आहे नदी?"

"आई, तू नदीच्या मधोमध उभी आहेस."

आईने इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं. मला वाटलं, आता परत फिरेल. तर ती तिथेच वाळूत बसली. म्हणाली, "पाणी नसलं म्हणून काय झालं? सासुरवाशीण दमून झोपली असेल." आणि तिने शांतपणे ओटी भरली.

तेवढ्यात केव्ह आपली गाडी घेऊन नदीतूनच आला. त्याचा तो रोजचा शॉर्टकट. साडीतली बाई वाळूची पूजा करतेय म्हटल्यावर त्याने गाडी थांबवली, हॅट काढली आणि शेवटपर्यंत उभा राहिला. मी समजावून सांगितल्यावर म्हणाला, "आम्ही सरकारला पत्रं लिहिली. हे कोणाला सुचलं नाही."

आई डोंबिवलीला परत गेली. आणि महिन्याभरात वरच्या डोंगरात असा पाऊस झाला, की नदी आली! साधी नाही आली, पूल बुडवून आली. गाव मधोमध कापलं गेलं. हॉस्पिटल या काठाला, अर्धी वस्ती त्या काठाला. पलीकडच्या एका म्हाताऱ्याच्या छातीत दुखायला लागलं, आणि हेलिकॉप्टर खराब हवेमुळे उडेना.

केव्ह बोट घेऊन हॉस्पिटलच्या पायऱ्यांशी हजर झाला. मृणालला पोहता येत नाही. तिने औषधांची बॅग पोटाशी धरली, मला म्हणाली, "ईशाला वरणभात दे," आणि बोटीत बसली. गढूळ पाण्यात ती बोट लाकडाच्या ओंडक्यांमधून वाकडीतिकडी जाताना मी काठावरून पाहत होतो. माझ्या शेजारी शेरिल उभी होती. दुकान उघडंच टाकून ती आली होती.

म्हातारा वाचला. हवा निवळेपर्यंत मृणाल त्याच्या उशाशी बसून होती. पबमध्ये केव्हला आता कॅप्टनच म्हणतात, पण वेगळ्या आवाजात.

पाणी मात्र उतरेना. शेवटी शेरिलचा फोन आला. "मेट, तुझ्या आईला फोन लाव. सांग, थँक्यू व्हेरी मच, पण आता पुरे! बंद करायला सांग."

ती गंमत करत होती असं मला वाटलं. पण मागून केव्हचा आवाज आला, "प्लीज म्हणायला सांग." म्हणून मी खरंच फोन लावला.

आईने सगळं नीट ऐकून घेतलं आणि म्हणाली, "एकदा भरलेली ओटी परत घेत नाहीत म्हणावं!"

*

एकदा मी शेरिलच्या दुकानात गेलो आणि तोंडातून वाक्य निघून गेलं, "रिकामी खोकी आहेत का? मोठी हवीत."

शेरिलचा चेहरा पडला. "मोठी?"

"हो. जितकी असतील तितकी दे."

घरी येऊन मी कामाला बसलो. त्या आर्व्होला, म्हणजे इथल्या भाषेत दुपारी, दाराची बेल वाजायला लागली ती थांबेचना. आधी लेमन केक आला. मग दुसरा लेमन केक आला. मग भाजलेली कोंबडी, अंडी, आणि भोपळा. फुटबॉल क्लबवाल्यांनी मला कमिटीवर घेतलं. मला त्या खेळाचा बॉल अंडाकृती असतो, यापलीकडे काही माहीत नाही. केव्ह येऊन नुसता उंबऱ्यात उभा राहिला आणि कुंपणाकडे बघत म्हणाला, "तुमच्या मागच्या बाजूचं कुंपण मी बदलून देणारच होतो. सांगायचं राहिलं." कुंपण नवीन होतं.

मला काही कळेना. मृणाल हॉस्पिटलमधून आली ती वैतागूनच. "आज सगळे पेशंट माझा हात धरून रडतायत! तू काय केलंस?"

शेवटी शाळेच्या प्रिन्सिपॉल जेनी आल्या. शाळेत मुलं इतकी कमी, की एक जरी गेलं तरी एक शिक्षक कमी होतो. सोफ्यावर बसल्या, कपाला हात लावला नाही. म्हणाल्या, "हे बघा, आधीचे डॉक्टरही असेच न सांगता गेले. आम्हाला सवय आहे. पण ईशाला पुढच्या वर्षी स्कूल कॅप्टन करता येईल. रेन वॉटर टँकवर तिचं नावही लिहू. तुम्ही फक्त खोकी भरायच्या आधी विचार करा."

"कुठली खोकी?"

"तुम्ही शेरिलकडे मागितलीत ती. सामान बांधायला."

मी म्हटलं, "जेनी, तुम्हीच दिलेला होमवर्क आहे तो. ईशाला शुक्रवारपर्यंत रॉकेट बनवायचंय!"

केक आम्ही परत केले नाहीत.

*

गावात शिरताना एक पाटी लागते. कुलाबिन, खाली लोकसंख्या. कौन्सिलने ती एकदा लावली आणि विसरून गेली. पण शेरिलने तिला क्रिकेटच्या जुन्या स्कोअरबोर्डवरचे पत्र्याचे आकडे लटकवलेत. कोणी जन्मलं, कोणी गेलं, कोणी शहरात पळालं, की शेरिल शिडी घेऊन निघते. ती सांगते, देशात एवढा ताजा आकडा कुठल्याही सरकारकडे नाही.

आम्ही आलो तेव्हा मला वाटलं, आता आकडा तीनने वाढणार. वाढला नाही. एक उन्हाळा गेला, दुसरा गेला. गावात पोरं झाली, म्हातारी गेली, आकडा हलत राहिला, पण त्यात आम्ही कुठेच नव्हतो. एकदा मी हसत हसत केव्हला विचारलं.

तो ओशाळला. "डॉक्टर लोकांना मोजत नाहीत, मेट. ते जातात. मग परत शिडी लावावी लागते."

मी हे घरी विनोद म्हणून सांगितलं. मृणाल हसली, पण त्या रविवारी आम्ही फिरायला निघालो तर म्हणाली, "पाटीकडून नको, मागच्या रस्त्याने जाऊ."

यंदा तिची सक्तीची वर्षं संपली. मेलबर्नमधून दोन चांगल्या ऑफर होत्या, एक तर टार्निटपासून अगदी जवळ. तिने महिनाभर विचार केला, मला विचारलं, ईशाला विचारलं. ईशा म्हणाली, "हू विल लुक आफ्टर माय मंडळ?" मृणालने हॉस्पिटलला कळवलं की ती इथेच राहतेय. कधीपर्यंत, ते तिने लिहिलं नाही.

दोन दिवसांनी सकाळी ईशाला शाळेत सोडून परत येताना पाहिलं, तर पाटीला शिडी लावलेली. केव्हने शिडी धरली होती, शेरिल वर. आदल्या संध्याकाळी पाटीवर ४०९ होते. मी गाडी बाजूला लावली आणि उतरलो. शेरिलने शून्य काढून एक लावला. मग नऊ काढला आणि पिशवीत बराच वेळ शोधून तीन लावला. हात झटकून खाली आली.

४१३.

मी मनात दोनदा बेरीज केली. "शेरिल, थँक्यू. पण वी आर ओन्ली थ्री."

"आय कॅन काउंट, लव्ह," ती म्हणाली आणि शिडी मिटायला लागली. केव्ह आपल्या बुटांकडे बघत होता.

मी घरी गेलो. मृणालची दुपारची ड्यूटी होती, ती ओट्याशी पोह्यांना फोडणी देत होती. मी दारातूनच ओरडलो, "अगं, लावला आकडा! मोजलं आपल्याला! पण शेरिलचं गणित बघ, चारने वाढवलाय. मला वाटतं तिने आईलाही धरलंय!"

मृणालने गॅस बंद केला. तिच्या हातातला झारा तसाच राहिला.

"तिला कसं कळलं?" ती म्हणाली. "मी तर अजून तुलासुद्धा सांगितलं नाहीये!"